पिवळे फॉग, अप्परसोबतचे दोन लाइट आणि बंपरवरची शिट्टी: रोही-डुकरांच्या रोडवर काय कामाचं, काय नाही

रात्री जंगल-वावराच्या रोडवर रोही (म्हणजे नीलगाय) आणि रानडुकरं आडवी येतात, त्यासाठी गाडीला काय लावावं याचा आधी निकाल सांगून देतो, ज्याला वेळ नाही त्याने इथूनच निघावं. पिवळे फॉग (जवळचा, रुंद उजेड देणारे लाइट) घ्या, पण फोकस नीट सेट करून घ्या, नाहीतर पैसे पाण्यात. अप्परसोबत (हाय बीमसोबत) लागणारे लांबचे दोन लाइट जंगलाच्या रोडवर नेहमी जाणं असेल तरच घ्या, नागपुरातच वर्धमाननगर ते हिंगणा करणाऱ्याला त्याचं काही काम नाही. ऑनलाइन मिळते ती प्राणी पळवायची शिट्टी अजिबात घेऊ नका. आणि गाडी जुनी असेल तर या सगळ्याच्या आधी हेडलाइटची काच पॉलिश करा, पाचशे रुपयांच्या आसपास काम होतं आणि फरक एवढा पडतो की निम्म्या लोकांना पुढचं काही घ्यायची गरजच पडणार नाही.

आता सविस्तर. आमचं वावर (शेत) भिवापूरच्या पुढे, तेच मिरचीवालं भिवापूर, आणि बायकोचं माहेर कोंढाळीकडे. म्हणजे एकतर उमरेड रोड नाहीतर अमरावती रोड, तिसरं काही नाही. ऑफिस सुटल्यावर निघालं की उमरेड गाठेपर्यंत अंधार पडतोच, थंडीत तर त्याच्याही आधी पडतो, आणि तिथून पुढे एका बाजूला उमरेड-कऱ्हांडल्याचं जंगल. दुसऱ्या बाजूला वावरं आहेत म्हणून निवांत राहावं असंही नाही, कारण रानडुक्कर आणि रोही हे वावरातलेच गिऱ्हाईक आहेत, चना आणि तूर कुठे आहे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत. त्यात शेतकरी जागलीला बसतात, डुकराचा कळप वावरात शिरला की फटाके फोडून, डबडी वाजवून हाकलतात, आणि ते हाकललेले डुकरं जातात कुठे तर सरळ धुरा (बांध) ओलांडून डांबरावर. ही गोष्ट शहरातल्या ड्रायव्हरच्या लक्षात येत नाही. रात्री वावरात फटाका वाजला, टॉर्च फिरताना दिसला, की लगेच ॲक्सिलेटरवरून पाय काढायचा, पुढच्या मिनिटभरात काहीतरी आडवं येऊ शकतं.

अमरावती रोडचं तर विचारूच नका. बाजारगावजवळ २०१७ च्या डिसेंबरात बोर व्याघ्र प्रकल्पाचा बाजीराव वाघ गाडीच्या धडकेत गेला होता, नागपूरकरांना आठवत असेल. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा रोडवर मुर्दोलीच्या जंगलात कारने वाघाला उडवलं त्याचा व्हिडिओ तर सगळ्यांच्याच मोबाइलवर फिरला, तो लंगडत लंगडत झाडीत शिरतो तो, त्याला उपचाराला नागपूरच्या गोरेवाडा रेस्क्यू सेंटरला आणता आणता रस्त्यातच गेला. वाघ होता म्हणून बातमी झाली, चितळं, कोल्हे, उदमांजरं, साळिंदरं किती जातात त्याचा कोणी हिशोबही ठेवत नाही, सकाळी डांबरावर चपटं झालेलं दिसतं तेवढंच.

तर माझी गाडी जुनी हॅचबॅक, एच-फोर बल्बवाली (एकाच बल्बात अप्पर-डिप्पर दोन्ही), साधे हॅलोजन. नागपूरच्या उन्हात वर्षानुवर्षं उभी राहून हेडलाइटची काच (काच म्हणतो आपण, असतं ते प्लास्टिकच) धुरकट पिवळी झालेली. घाट रोडच्या बाजूला एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो, नाव देत नाही कारण जाहिरात करायची नाही आणि पुढे काही तक्रारी पण करणार आहे. काउंटरवरच्या पोराने आल्याआल्या काय दाखवावं, तर पुढे लावायचा लोखंडी गार्ड. म्हणे साहेब हा लावा, डुक्कर काय रोही आला तरी गाडीला खरोच नाही. ते ऐकून मी आधी हो-नाही काही बोललोच नाही. हे बुल गार्ड २०१७ च्या डिसेंबरातच केंद्राच्या रस्ते मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून काढायला लावलेत, एअरबॅगच्या सेन्सरला धक्का बरोबर कळत नाही, धक्का शोषायला बनवलेला गाडीचा पुढचा भाग त्याचं काम करू शकत नाही, आणि समोर पायी चालणारा माणूस आला तर त्याचे हाल वेगळे. तरी दुकानात सर्रास लटकलेले असतात. आणि मुळात विचारच उलटा आहे ना, प्राण्याला धडकल्यावर गाडी कशी वाचेल याचा.

गार्ड नको म्हटलं तर मग निघाला एलईडी बार, छपरावर लावायचा, दिवसासारखा उजेड वगैरे. तेवढ्यात आतून फिटर आला, पन्नाशीतला माणूस, हाताला ग्रीस, त्याने बार बघितला आणि म्हणाला, "भाऊ, हे लावून देतो मी, माहं काय जाते, पण समोरचा ट्रकवाला आंधळा होऊन तुमच्याच अंगावर येईन त मंग काय करसान?" पोराचं तोंड उतरलं पण माझं काम झालं. पुढचं सगळं बोलणं मी त्याच्याशीच केलं. शिवाय असे बार आरटीओच्या नियमात बसत नाहीत, पावती फाटली तर ती वेगळी.

त्याने जे समजावलं ते इथे लिहितो, कारण लोक फॉग आणि लांबचे लाइट यात लय गोंधळ करतात. फॉगचा उजेड रुंद असतो, जमिनीला चिकटून पसरतो आणि लवकर संपतो, वीस-पंचवीस मीटरच्या पुढे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. त्याचं काम साइडपट्टी दाखवणं, म्हणजे रस्त्याच्या कडेचं गवत, नाल्याचा काठ, पुलियाचा कठडा, जिथून जनावर निघतं ती जागा. लांबचे लाइट, ज्याला तो पेन्सिल म्हणत होता, ते उलटे, अरुंद पण दूरवर, आणि ते अप्परसोबतच लागले पाहिजेत आणि डिप्पर (लो बीम) मारला की आपोआप बंद झाले पाहिजेत. यासाठी रिले (जास्त करंट स्वतःवर घेणारा स्विच) वेगळी, वायरिंग वेगळी, फ्यूज वेगळा. हे जो करून देत नाही आणि थेट हेडलाइटच्या वायरीतून टॅप मारून देतो त्याच्याकडून काम करून घेऊ नका. साधा हिशोब आहे, ५५ वॅटचा एक हॅलोजन १२ व्होल्टवर साडेचार अँपियरच्या वर खेचतो, दोघांचे नऊ, कंपनीच्या बारक्या स्विचमधून एवढा करंट जाऊ दिला तर कधीतरी जळका वास येणारच.

मी घेतले पिवळे फॉग, ३००० केल्विनवाले (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, कमी तेवढा पिवळा), आणि छोटे दोन लांबचे. फॉगची जोडी अडीच हजाराच्या आत बसली, लांबचे त्याहून महाग, वायरिंग-रिले-मजुरी धरून हजार-बाराशे वेगळे. पिवळ्याबद्दल एक खुलासा, पिवळा उजेड धुक्याला भेदून जातो वगैरे जे सांगतात तेवढं काही नसतं. पांढऱ्या-निळ्या झगझगीत एलईडीपेक्षा तो डोळ्याला कमी टोचतो, पावसात आणि धुक्यात डोळ्याला कमी त्रास देतो, डांबरावरचा खड्डा आणि ओलावा जास्त उठून दिसतो, एवढाच फायदा, आणि माझ्या मते तेवढा पुरे आहे. तासभर चालवल्यावर डोळे कमी थकतात हा फरक मला पहिल्याच रात्री कळला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फोकस. लाइट लावून दिला आणि दुकानदाराने दोन्ही हाताने पकडून अंदाजाने वर-खाली केला, झालं, असं नव्वद टक्के ठिकाणी होतं. या फिटरने संध्याकाळी परत बोलावलं. बाजूच्या गोडाऊनच्या भिंतीसमोर सपाट जागेवर गाडी उभी केली, भिंतीपासून २५ फूट, म्हणजे साडेसात मीटर. टायरची हवा चेक केली, मला ड्रायव्हर सीटवर बसवलं, फॉगच्या मधोमध जेवढी उंची येते तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारली आणि फॉगच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या चार इंच खाली आणून बसवली. कड सरळ पाहिजे, तिरपी नको. लांबचे लाइट जवळजवळ सरळ, अगदी जराक बाहेरच्या बाजूला, म्हणजे डावा डाव्या झाडीच्या सुरुवातीला आणि उजवा उजव्या. हेडलाइटचा फोकस पण त्यानेच बघितला, डावा आभाळाकडे बघत होता म्हणे.

डिप्परचं एक गणित त्याने सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं. आपण डावीकडून चालतो म्हणून डिप्परचा उजेड डावीकडे वर चढवलेला असतो आणि उजवीकडे सपाट कापलेला असतो, समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. त्यामुळे डाव्या कडेचं जनावर लांबून दिसतं आणि उजव्या बाजूने, समोरच्या गाड्यांच्या पट्ट्यातून निघालेलं जनावर लय उशिरा. सिंगल रोडवर हे जास्त जाणवतं. आता मी नजर मुद्दाम उजवीकडे पण फिरवत राहतो, आणि पिवळ्या फॉगने ती उजवी बाजू निदान जवळची तरी उघडी होते, या एका कारणासाठी मी त्याला मार्क देतो.

आणि हेडलाइटचा उजेड वर-खाली करायचा तो डॅशबोर्डवरचा गोल नॉब, ० ते ३ लिहिलेला असतो तो, किती जण वापरतात? मागे आई-बाबा, डिक्कीत तांदळाचं कट्टं, तुरीचं पोतं, की गाडीचा मागचा भाग बसतो आणि पुढचा उजेड झाडाच्या शेंड्यावर. मग समोरचा अप्पर मारून शिव्या घालतो आणि आपल्याला रस्ता पण दिसत नाही. भरलेली गाडी असेल तर नॉब २ किंवा ३ वर करा, फुकटचं काम आहे, जुन्या गाडीत सुद्धा असतो.

आता रोडवर प्रत्यक्ष काय दिसतं ते. चितळ सोपं, त्याच्या डोळ्याच्या मागे उजेड परत फेकणारा पडदा असतो त्यामुळे लांबच्या लाइटमध्ये हिरवट-पांढरे ठिपके दूरवरून चमकतात, आणि एक ठिपका दिसला की त्याच्या मागे बाकीचे असणारच. एक ओलांडून गेलं म्हणून ॲक्सिलेटर दाबायचा नाही, थांबायचं, पिल्लू सगळ्यात शेवटी येते. इथे एक गोष्ट उलटी करावी लागते, चितळ रस्त्यावर उभं असेल तर डिप्पर करायचं, अप्परच्या झोतात ते तिथेच खिळून जातं, कुठे पळावं कळत नाही त्याला. उजेड खाली घेतला, स्पीड कमी केला, हॉर्नची एखादी छोटी पिप दिली, की हलतं. लांबलचक हॉर्न दाबून ठेवणारे लोक मला समजत नाहीत.

रोही म्हणजे नीलगाय, आमच्याकडे रोहीच म्हणतात. मोठा नर दोनशे किलोच्या वर जातो आणि रंग असा काळपट-निळसर की अंधारात विरघळून जातो. पाय उंच आणि बारीक, धड बरोबर बोनेटच्या वर. धडकला तर पाय मोडतात आणि धड सरळ काचेतून आत, म्हणून रोहीला मी वाघापेक्षा जास्त भितो. डोळे चमकतात पण उंचावर चमकतात, माणसाच्या छातीच्या वर, नवीन माणसाला वाटते सायकलवाला आहे की मोटरसायकलचा एकच लाइट आहे. त्याची खोड अशी की गाडीच्या बाजूने, वावराच्या कडेने बरोबरीने पळतो आणि अचानक पुढून कापतो. त्याच्याशी रेस लावायची नाही, त्याला पुढे जाऊ द्यायचं.

पण खरी परीक्षा रानडुकराची. डुकराच्या डोळ्यात तो चमकणारा पडदाच नसतो, अंग काळं, उंची कमी. दुरून ठिपका-बिपका काही नाही, एकदम रस्त्यावर काळा गोळा. इथे लांबचे लाइट जवळजवळ निकामी ठरतात आणि पिवळे फॉग कामाला येतात, कारण खाली पसरलेल्या उजेडात काळं काहीतरी हललं हे कडेलाच दिसतं, रस्त्याच्या मध्ये यायच्या आधी. अर्थात फॉगचा उजेड वीस-पंचवीस मीटरचा, म्हणजे गाडी चाळीसच्या आसपास असेल तरच ते दिसल्याचा उपयोग. रानगवा पण अंगाने काळाच, भलामोठा डोंगर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात ते उजेडात उठून येतात. मला तो रोडवर एकदाच दिसलाय आणि पुन्हा दिसू नये.

बारक्यांमध्ये ससा उजेडाच्या पट्ट्यातच पुढे पळत राहतो, बाहेर पडायचं त्याला सुचत नाही, डिप्पर करून जरा थांबलं की बाजूला होतो. रातवा पक्षी गरम डांबरावर बसून राहतो, डोळा लालभडक निखारा, अगदी शेवटच्या क्षणी उडतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडतं तेव्हा रोडच्या कडेच्या मोहाच्या झाडाखाली पहाटे अस्वलापासून चितळापर्यंत सगळी गर्दी, वर माणसं पण टोपल्या घेऊन. मे महिन्यात पाण्यासाठी इकडून तिकडे. म्हणजे वर्षभर काही ना काही चालूच.

आता स्पीडचं बोलतो, कारण लाइट लावून दिल्यावर माझा साळा मला म्हणाला, भाऊजी आता तर बिनधास्त शंभरने मारा. हाच तो धोका. चांगल्या हेडलाइटच्या डिप्परचा कामाचा उजेड साधारण ५०-६० मीटर. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा, ३३ मीटर तिथेच संपले. कोरड्या रोडवर चांगले टायर-ब्रेक धरून थांबायला अजून ३५. झाले ६८. म्हणजे ६० मीटरवर उभा असलेला रोही तुमच्या काचेत. ६० च्या स्पीडला हेच सगळं ४५ मीटरच्या आसपास बसतं, उजेडाच्या आत. ४० ला २५ मीटर. आणि शंभरला शंभर मीटरच्या जवळ जातं, तिथे लांबचे लाइट चालू असतील तर निभावतं, पण समोरून गाडी आली, डिप्पर मारला, की परत तेच ६० मीटर. ओल्या रोडवर यात अजून भर. म्हणून माझ्या मते हे लाइट स्पीड वाढवायला नाहीतच, ज्या ५५-६० ने मी आधी जीव मुठीत धरून चालवत होतो त्याच ५५-६० ने आता खांदे सैल सोडून चालवतो, पैसे त्याचे दिले. झाडी अगदी रस्त्याला लागते तिथे अजून खाली, ४०. साळ्याला हे सगळं सांगितलं तर म्हणे मग लाइट कशाला लावले. जाऊ द्या.

समोरून येणारा ट्रक हा वेगळा विषय. त्याच्या उजेडाच्या मागे काय आहे ते आपल्याला काहीच दिसत नाही, आणि तो बाजूने निघून गेल्यावर दोन-चार सेकंद डोळ्यापुढे अंधारीच असते. नेमकं त्याच वेळेला लोक परत स्पीड पकडतात. ट्रक दिसला की नजर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची, स्पीड पाडायचा, आणि तो गेल्यावर लगेच अप्पर द्यायचा. आणि काच आतून पुसा, बाहेरून सगळेच पुसतात. आतून जो धुळीचा आणि प्लास्टिकच्या वाफेचा पातळ थर बसतो त्याने समोरचा लाइट फुटून सगळ्या काचेवर पसरतो.

जबलपूर रोडने गेलात तर फरक बघा. पेंचच्या जंगलातून नॅशनल हायवे ४४ जातो तिथे महाराष्ट्राच्या हद्दीत खाली प्राण्यांना जायला वाट ठेवलेली आहे, पाच अंडरपास आणि चार छोटे पूल, एक तर ७५० मीटर लांब. वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले तर १८ जातींचे प्राणी खालून जाताना सापडले, वाघ ८९ वेळा. हे बांधायचं की नाही यावर किती वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या, पण झालं तर प्राण्यांनी वापरलं, कोणाला ट्रेनिंग द्यावं लागलं नाही. तिथे माझे लांबचे लाइट निम्मा वेळ बंदच असतात, हायवेवर समोरून येणारी रांग तुटतच नाही. अशी सोय सगळ्या रोडला नाही म्हणून तर आपल्याला बंपरवर खर्च करावा लागतो.

आता शिट्टी. दोन प्लास्टिकच्या चोची येतात, मागे डबल टेप, बंपरवर चिकटवायच्या. गाडी ५० च्या वर गेली की हवा आत शिरते आणि माणसाला ऐकू येत नाही असा बारीक आवाज निघतो, तो ऐकून हरणं पळतात, असं पाकिटावर लिहिलेलं. तीनशेच्या आसपास किंमत म्हणून म्हटलं बघू तरी, लावली, काही उपयोग नाही. एक म्हणजे, अमेरिकेत हरणांच्या धडकेचा प्रश्न आपल्यापेक्षा मोठा आहे, तिथे या शिट्ट्यांवर अभ्यास झालेत आणि हरणांच्या वागण्यात फरक सापडला नाही. दुसरं म्हणजे कॉमन सेन्स, कुत्र्याला तर असा बारीक आवाज आपल्यापेक्षा कितीतरी चांगला ऐकू येतो, मग आमच्या गावच्या फाट्यावरचं कुत्रं गाडी बाजूने गेली तरी कान सुद्धा हलवत नाही, हे कसं? चितळांचा कळप रोडच्या कडेला चरत होता, बाजूने गेलो, एकाने मान वर केली तीही इंजिनच्या आवाजाने असेल. वरून पावसाळ्यात तिच्यात चिखल आणि किडे भरतात, म्हणजे असेल तो आवाज पण बंद. खाली पाच-पाच स्टारवाले रिव्ह्यू आहेत, "लावल्यापासून एकही प्राणी धडकला नाही". अहो माझ्या शेजाऱ्याच्या गाडीला लिंबू-मिरची आहे, त्याला पण नाही धडकला. सगळ्यात वाईट याचं की ती लावल्यावर माणूस आतून निर्धास्त होतो, आणि तोच तिचा खरा तोटा, तीनशे रुपये नाही.

लाइटच्या तक्रारी पण लिहितो म्हणजे दुकानाला फुकटची जाहिरात वाटणार नाही. पहिल्याच पावसाळ्यात डाव्या फॉगच्या आत वाफ धरली, बदलून दिला पण तीन चकरा मारायला लावल्या, दर वेळी काउंटरवरचं पोरगं कंपनीशी बोलतो म्हणायचं. शेवटी फिटरनेच आतून नवीन आणून बसवला. ब्रॅकेटचा पत्रा पातळ आहे, उमरेडच्या पुढे खराब पट्ट्यात उजेड थरथरतो, मागून जाड वॉशर टाकून घ्या. स्विच स्टिअरिंगच्या खाली असा बसवला की शोधायला नजर खाली न्यावी लागायची, तो मी काढून वर लावून घेतला, रात्री नजर रोडवरून हलता कामा नये हा तर मुद्दा आहे. आणि शहरात फॉग बंद ठेवा बाप्पा, सीताबर्डीला पिवळे लाइट लावून फिरणाऱ्यांचं काय करावं.

एवढं सगळं करूनही कधी एखादं आडवं आलंच तर ब्रेक सरळ दाबा, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची सिस्टिम) असेल तर पूर्ण दाबून धरा, स्टिअरिंग फिरवू नका. डुकराला वाचवायला गेलेली गाडी बाभळीला नाहीतर समोरच्या ट्रकला भेटते, माणसं त्यात जातात. जनावर जखमी पडलं असेल तर जवळ जायचं नाही, जखमी डुक्कर आणि बिबट दोघंही अंगावर येतात. गाडी पुढे सुरक्षित जागी बाजूला घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि १९२६ ला फोन करा, वन विभागाची फुकटची हेल्पलाइन आहे, किलोमीटरचा दगड बघून जागा सांगा. नागपुरात सेमिनरी हिल्सला वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी वन्यप्राण्यांवर तिथे उपचार होतात. मेलेलं चितळ डिक्कीत टाकून नेणारे महाभाग पण असतात, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे, धडक चुकून झाली तरी मटण चुकून होत नाही. इन्शुरन्सवाल्यांसाठी एवढंच, नुसती थर्ड पार्टी असेल तर गाडीच्या नुकसानीचा रुपया मिळत नाही, फुल पॉलिसी लागते.

नवीन गाडीवाल्यांनी, ज्यांचे हेडलाइट आधीच एलईडी आहेत त्यांनी, वायर कापून काही जोडू नका, वॉरंटीचा वांधा होतो. बंपरमध्ये फॉगची रिकामी जागा आणि कपलर आधीच दिलेला असेल तर त्यातच बसणारा पिवळा घ्या. जुन्या हॅलोजनवाल्यांनी १००/९० वॅटचा (अप्पर/डिप्पर) बल्ब टाकायच्या भानगडीत पडू नये, ६०/५५ चाच चांगल्या कंपनीचा टाका, पॉलिश करा, दोन आठवडे चालवून बघा, मग ठरवा. गाडी सकाळी टाकली तर दुपारी मिळते, पण फोकससाठी अंधार पडल्यावरच परत जा आणि काउंटरवर न बोलता सरळ आत फिटरकडे जा. त्याचे तो वेगळे पैसे घेत नाही, चहा मात्र पाजा.